पायऱ्या किती, ते आधी सांगा : बेळगाव भागात दिव्यांग व्यक्तीसोबत प्रवास आणि त्यांचा पाहुणचार

माझी आत्या गेली पंधरा वर्षं चाकाच्या खुर्चीवर आहे. लहानपणी पोलिओ झाला, तरुणपण कुबड्यांवर निघालं, पुढे खांद्यांनी साथ सोडली. तिला घेऊन मी खानापूर, कित्तूर, सौंदत्ती, गोकाक, निपाणी असा बराच हिंडलोय. दरवेळी निघण्याआधी फोन करतो आणि दरवेळी साधारण एकच उत्तर येतं : "या की ओ, काळजी कशाला करता? चार पोरं हाईत, उचलून नेऊया की!"

हे उत्तर मायेनं दिलेलं असतं. आपल्याकडची माणसं मदतीला चटकन धावतात. पण आत्याला उचललेलं आवडत नाही. परक्या पुरुषांनी काखेत हात घालायचे, साडी सावरायला कुणी नाही, भोवती बघे उभे. पोलिओ झालेल्या पायाची हाडं ठिसूळ असतात. चौघांतला एकजण घसरला तर सहा महिने अंथरुण. मला फोनवर हवं असतं ते एवढंच : दारात पायऱ्या किती, एकेक केवढी उंच, संडासाचं दार किती रुंद. एवढं खरं कळलं की बाकीचं आम्ही जुळवून घेतो. नाही कळलं तर सगळा दिवस गाडीच्या सीटवर जातो.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. घरातल्या दिव्यांग माणसाला घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी, आणि होमस्टे, लॉज, खाणावळ, देवस्थान कमिटी, ग्रामपंचायत चालवणाऱ्यांसाठी. माझा अनुभव मुख्यतः चाकाच्या खुर्चीचा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिलंय.

आधी ज्याला जायचंय त्याला विचारा

घरातले सगळे मिळून सहल ठरवतात आणि खुर्चीवरच्या माणसाला शेवटी सांगतात, हे फार घरांत होतं. सुरुवात उलटी करा. काय बघायचंय, किती वेळ बसून राहता येतं, कोणाकडून मदत घेतलेली चालेल, कशाला स्पष्ट नकार आहे, हे त्या माणसाच्या तोंडून ऐका. आत्यानं मला पहिल्याच सहलीत तीन गोष्टी बजावल्या : विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही, मला उचलायचं नाही, आणि माझ्याविषयीचे प्रश्न लोक तुला विचारायला लागले तर तू उत्तर द्यायचं नाहीस, मी देईन. अजूनही तेच नियम चालतात.

औषधं, कॅथेटर (लघवीची नळी), गादी, खुर्चीच्या चाकाची हवा ही यादीही त्यांच्याकडूनच करून घ्या. मणक्याची इजा झालेल्या माणसाला खाली टोचलेलं, भाजलेलं कळत नाही. त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलून भार हलवणं, चांगली गादी आणि उन्हात तापलेल्या दगडावर न बसणं हे सक्तीचं धरा. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर घामही नीट येत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी गोकाक-सौंदत्तीच्या पठारावर त्यांना नेऊच नका. सकाळी अकराच्या आत बघून सावलीत या.

फोनवर काय विचारायचं

"सोय आहे का?" असं विचारलंत तर "आहे" असंच उत्तर येणार. म्हणून आकड्यात उत्तर द्यावं लागेल असेच प्रश्न विचारा.

गाडी दारापासून किती पावलांवर थांबते, आणि मधला रस्ता डांबरी, फरशीचा, खडीचा की मातीचा? दारात पायऱ्या किती? उंबरा आहे का, किती बोटं उंच? बाजूला कठडा आहे का? खोली तळमजल्यावर आहे का? संडास खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे? बैठा की कमोड? दार उघडल्यावर आरपार मोकळी जागा किती इंच? दार आत उघडतं की बाहेर? कॉटची उंची गुडघ्याएवढी आहे की जमिनीलगत?

"अंदाजे तीन फूट असेल" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे सांगा, "टेप लावून बघता का? मी फोन धरतो." बहुतेक माणसं बघतात. त्याहून उत्तम म्हणजे दार, संडास आणि अंगण यांचे तीन फोटो व्हॉट्सअॅपवर मागवणं. फोटोत माप कळावं म्हणून दाराशी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायला सांगा.

देवळाच्या किंवा किल्ल्याच्या दारात फक्त कन्नड बोलणारा माणूस भेटला तर चार वाक्यं पाठ असलेली बरी. "एष्टु मेट्टिलु इवे?" म्हणजे पायऱ्या किती आहेत. "शौचालय एल्लिदे?" म्हणजे संडास कुठे आहे. "गालिकुर्ची ओळगे होगुत्ता?" म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते का. आणि सगळ्यात उपयोगी, "एत्तबेडि", म्हणजे उचलू नका. कर्नाटकातल्या सरकारी कागदांवर दिव्यांगाला 'विकलचेतन' म्हणतात. कार्यालय शोधताना हा शब्द सांगितला की पटकन वाट दाखवतात.

जागा निवडताना

पहिली सहल अर्ध्या दिवसाची, घराजवळ, आणि संडास माहीत असलेल्या ठिकाणी करा. बेळगाव शहरातल्यांना किल्ल्याचा परिसर यासाठी बरा. आत रस्ते आहेत, गाडी आत जाते, मोठी झाडं आणि सावली आहे. १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, इथेच आहे. बस्ती चौथऱ्यावर असल्यामुळे आत जायला पायऱ्या लागतात. त्या चढता येत नसतील तर बाहेरून घडीव खांब आणि छज्जे निवांत बघता येतात. आतलं छताचं कमळ मात्र खाली उभं राहून वर मान केल्याशिवाय दिसत नाही. सोबत्यानं आत जाऊन त्याचा व्हिडिओ करून आणणं ही तात्पुरती सोय झाली. खरी सोय काय करता येईल ते पुढे यजमानांच्या भागात लिहितो. किल्ल्यात लष्कराचा वावर आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

कित्तूर हा दुसरा टप्पा धरा. बेळगावहून धारवाडच्या वाटेवर, पन्नास किलोमीटरच्या आसपास, चांगल्या महामार्गानं. १८२४ साली राणी चन्नम्मांनी कंपनी सरकारशी लढाई दिली ती इथे. वाड्याचे अवशेष बरेचसे जोत्याच्या उंचीचे आहेत, त्यामुळे बाहेरच्या मोकळ्या जागेतून फिरतानाही वाड्याचा आराखडा समजतो. २३ ऑक्टोबरच्या सुमारास उत्सव असतो. खुर्ची घेऊन जायचं तर ते दिवस टाळा.

खानापूर तालुका हा सगळ्यात देखणा आणि चाकांना सगळ्यात कठीण. जांभा दगड आणि पाऊस एकत्र आले की शेवाळ धरतं. जून ते सप्टेंबर कुबडीचं रबर आणि खुर्चीची पुढची लहान चाकं दोन्ही घसरतात. हलशीचं भूवराह नरसिंहाचं मंदिर कदंबांच्या काळातलं. तिथे दोन गाभारे समोरासमोर आहेत, मध्ये सभामंडप. एकदा मंडपात पोचलं की खुर्ची नुसती वळवून दोन्हींचं दर्शन होतं. पण जायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, जमीन कोरडी असताना. कणकुंबीला मलप्रभेचं उगमकुंड आहे, पायऱ्यांचं. ते वरूनच बघायचं.

पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याच्या रस्त्यानं नुसती गाडीतून केलेली फेरीही सहलच आहे. धुकं, ओहोळ, काचेवरचा पाऊस. आत्याला हाच दिवस वर्षभर आठवत राहतो. खाली उतरलं नाही म्हणजे बघितलं नाही, ही समजूत सोडून द्या.

गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते. काठाचा खडक गुळगुळीत आहे, तिथे खुर्ची नेऊ नका. दुरून, सपाट जागेवर ब्रेक लावून थांबा. ज्याला दिसत नाही त्याला मात्र या भागातली याहून चांगली जागा मी दुसरी सांगू शकणार नाही. भर पावसाळ्यात पाण्याचा आवाज छातीत जाणवतो, तुषार तोंडावर येतात.

सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचंय असं घरातली वडीलधारी माणसं हमखास म्हणतात. पौर्णिमा, मंगळवार आणि शुक्रवार टाळा. माघ पौर्णिमेच्या जत्रेला तर खुर्ची घेऊन जाण्याचा विचारच नको. फरशीवर सांडलेला भंडारा, तेल आणि पाणी यांनी पाय घसरतो. साध्या बुधवारी सकाळी लवकर गेलात तर तेच देऊळ शांतपणे भेटतं. बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्यावर गाडीरस्ता वर चढतो, तरी वारा जोराचा असतो, हलक्या खुर्चीचा ब्रेक सोडू नका.

गाडी, बस, रेल्वे

भाड्याची गाडी ठरवताना उंच जीप घेऊ नका. खुर्चीवरून सीटवर सरकायला दोन्हींची उंची जवळपास सारखी हवी; साधी सेडान किंवा कमी उंचीची सात आसनी गाडी बरी. डिकीत गॅसची टाकी असेल तर घडीची खुर्ची मावत नाही, हे आधी विचारा. सरकण्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, कडा घासून गुळगुळीत केलेली प्लायवूडची फळी सुताराकडून करून घ्या. माझ्याकडची फळी दहा वर्षं टिकलीय आणि तिच्यामुळे आत्याला एकदाही उचलावं लागलेलं नाही.

बसचं सांगायचं तर सीमाभागात एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या एसटीत दिव्यांगांना सवलत आहे, पण नियम, पास आणि टक्केवारी वेगवेगळी. निपाणीहून कोल्हापूरला जाताना एका राज्याचा पास दुसऱ्याच्या गाडीत चालेल असं धरून चालू नका. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत साध्या बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे सोबतीला घरातली बाई असेल तर तिचं तिकीट वाचतं. ही सवलत राज्याच्या आतल्या प्रवासासाठी आहे. देशभर चालतं ते युडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. ते कुठल्याही राज्यात काढलेलं असो, सगळीकडे ग्राह्य आहे. मूळ कार्ड जवळ, एक प्रत घरी आणि फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

रेल्वेत, सोबत्याशिवाय प्रवास करता न येणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला आणि पूर्ण अंध व्यक्तीला स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सूट आहे. एका सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी ऑनलाइन काढावं लागतं, आयत्या वेळी खिडकीवर होत नाही. मेल-एक्स्प्रेसला दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. खानापूरसारख्या लहान स्टेशनात गाडी थोडाच वेळ थांबते, तेव्हा डबा फलाटावर कुठे येतो ते स्टेशनमास्तरांना अर्धा तास आधी विचारून तिथेच उभे राहा. खुर्ची हवी असेल तर १३९ वर विचारता येतं. सांबऱ्याच्या विमानतळावरून जाणार असाल तर मदत लागेल हे कंपनीला ४८ तास आधी कळवा, आणि खुर्ची बॅटरीची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता लिहून द्या.

संडास

यावर मोकळेपणानं कोणी बोलत नाही, आणि सहली याच कारणानं मोडतात.

चाकाच्या खुर्चीवरच्या बायका प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. सकाळपासून ओठ कोरडे ठेवून बसतात, कारण वाटेत जायला जागा नसते. आत्यानं हे कित्येक वर्षं केलं. मला ते कळलं तेव्हा ती मूत्रमार्गाच्या संसर्गानं दवाखान्यात होती. तेव्हापासून आमची वाट जागा बघून नाही, संडास बघून ठरते. दर दोन तासांनी एक खात्रीचा संडास. महामार्गावरची मोठी हॉटेलं, नवे पेट्रोल पंप, ओळखीच्या नातेवाइकांची घरं, सगळं वहीत लिहून ठेवा. कॅथेटर वापरणाऱ्यांना साधारण चार ते सहा तासांनी जावं लागतं. त्यांचा वेळ आधी मांडा, मग बाकीचा कार्यक्रम.

गाडीत घडीची कमोड खुर्ची ठेवा. बैठ्या संडासावर ती ठेवली की काम होतं, फक्त दारातून ती आणि माणूस दोन्ही जायला हवेत. सोबत साबण, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी चादर आणि एक दोरी. दोरी का? दार बंद होत नसेल तर आडोशाला चादर बांधायला. घरातल्या बाईला मदत करायला बाईच हवी असेल तर दोन बायका सोबत घ्या, ऐनवेळी अनोळखी बाईला विनवू नका.

देवळाच्या दारात

चाकं म्हणजे चपला, असं म्हणून काही ठिकाणी खुर्ची बाहेरच थांबवतात. एकदा एका देवळात आत्याला तासभर दारात बसवून आम्ही आत जाऊन आलो. ती काही बोलली नाही, पण परतीच्या वाटेवर गाडीत कोणीच बोललं नाही. पुन्हा तसं केलं नाही. आता दोन उपाय करतो. ओलं फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन चारही चाकं पुजाऱ्यांसमोर पुसून घेतो. बहुतेक जण मान डोलावतात. तेही चालत नसेल तर देवस्थानची स्वतःची स्वच्छ खुर्ची मागतो. कमिटीच्या लोकांना माझी कळकळीची विनंती आहे : दारात एक चाकाची खुर्ची ठेवा, ती फक्त आतच वापरायची. सोवळ्याचा प्रश्न मिटतो आणि भाविक आत येतो.

ढकलणाऱ्यानं शिकायचं ते

हलवण्याआधी सांगा. थांबलात की दोन्ही ब्रेक लावा. उतारावरून खाली जाताना खुर्ची उलटी करा, म्हणजे तुमचं शरीर खालच्या बाजूला राहतं आणि बसलेला माणूस पुढे पडत नाही. पायरी किंवा उंबरा चढवताना मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचला, उंबऱ्यावर टेकवा, मग मागची चाकं ढकला. दोन-तीन पायऱ्या असतील तर खुर्ची पाठमोरी वर ओढा. एक जण मागच्या मुठींना, दुसरा समोरून पक्क्या चौकटीला धरून. हाताचे आणि पायाचे टेकू धरून कधीही उचलू नका, ते निघून हातात येतात. हे सगळं आधी घरच्या अंगणात रिकाम्या खुर्चीवर, मग स्वतः बसून करून बघा.

ज्यांना दिसत नाही, ज्यांना ऐकू येत नाही

अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका. आपलं कोपर द्या, ते धरून अर्धं पाऊल मागून चालतील. "सांभाळा" म्हणून काही कळत नाही. "पायरी वर", "तीन पायऱ्या खाली", "डावीकडे कठडा" असं बोला. ब्रेलविषयी एक छान गोष्ट. भारतीय भाषांची ब्रेल लिपी एकाच पद्धतीवर बेतलेली आहे, 'क' मराठीत लिहिला काय आणि कन्नडमध्ये लिहिला काय, ठिपके तेच. त्यामुळे मराठी ब्रेल वाचणाऱ्याला कन्नड ब्रेल पाटीवरचं गावाचं किंवा देवाचं नाव अक्षर लावून वाचता येतं. आपल्या भागात पाट्यांच्या भाषेवरून इतकी वर्षं वाद झाले, आणि बोटांखाली दोन्ही भाषा एकाच ठिपक्यांत उभ्या आहेत.

बहिऱ्या व्यक्तीची अडचण सीमाभागात दुहेरी असते. मराठी शाळेत शिकलेल्याला कन्नड पाटी वाचता येत नाही आणि कोणाला तोंडी विचारताही येत नाही. सोबत्यानं मोबाईलवर टाइप करून दाखवावं. यजमानांनी वेळ, दर, जेवणाचे पदार्थ, धोक्याच्या सूचना मराठी, कन्नड आणि चित्रांत लिहून भिंतीवर लावाव्यात. बोलताना तोंड समोर ठेवा, तोंडासमोर हात नको. रात्री दार वाजवून जाग येणार नाही, तेव्हा खोलीतला दिवा बाहेरून लावता-बंद करता आला तर उत्तम.

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला जागेचे फोटो आधी दाखवून ठेवा, ढोल-फटाक्यांचे दिवस टाळा, आणि मनगटावर घरचा फोन नंबर बांधा.

आता यजमानांसाठी

सुरुवात खर्चापासून करू नका, टेपपासून करा. एका सकाळी आपल्या जागेतलं प्रत्येक दार, पायरी, उंबरा मोजून कागदावर लिहा आणि तो कागद फोनजवळ चिकटवा. पाहुणा विचारेल तेव्हा वाचून दाखवा. "आमच्याकडे दोन पायऱ्या आहेत आणि संडासाचं दार २६ इंच आहे" हे उत्तर "सगळी सोय आहे"पेक्षा हजारपट उपयोगी आहे.

मग उतार. प्रमाण एकास बारा. गवंड्याला सांगायची सोपी रीत : इंचाला एक फूट. सहा इंचाची एक पायरी असेल तर सहा फूट लांब उतार. तीन पायऱ्या, दीड फूट उंची, तर अठरा फूट. बहुतेक ठिकाणी गवंडी सिमेंटचा तीन-चार फुटांचा उभा घसरगुंडीसारखा उतार करून देतो. तो मोटारसायकल चढवायला ठीक, खुर्चीला जीवघेणा. रुंदी चार फूट ठेवा, दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची उंचवट्याची पट्टी, दोन्ही बाजूंना धरायला नळी. उतार ९ मीटरपेक्षा लांब होत असेल तर मध्ये विसावा घेण्यापुरती सपाट जागा, आणि वर-खाली पाच-पाच फुटांची मोकळी जागा. वर गुळगुळीत टाइल नको. खानापूरच्या पावसात त्यावर उभंही राहवत नाही. सिमेंट ओलं असताना झाडूनं आडव्या रेघा ओढल्या तरी पुरेसं. अठरा फूट जागाच नसेल तर समोरचा दरवाजा सोडून मागचा-बाजूचा बघा; जमीन चढती असल्यामुळे आपल्याकडच्या कित्येक कौलारू घरांत परसदारी एकच पायरी असते.

दारं ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट मोकळी हवीत. बिजागरी बदलून दार पूर्ण उघडलं तरी दीड-दोन इंच मिळतात. संडासाचं दार बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार उघडताच येत नाही. खुर्ची वळायला पाच फुटांचं मोकळं वर्तुळ, कमोडची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर, बाजूला भिंतीत बोल्ट मारून बसवलेला पक्का दांडा. टॉवेल अडकवायची नळी दांडा म्हणून लावू नका, ती भार पडताच उखडते. नळाला फिरकी नको, दांडी हवी. आणि त्या संडासात झाडू, बादल्या, गॅसची टाकी ठेवू नका. हे मला फार ठिकाणी बघावं लागलंय.

जुनी, संरक्षित वास्तू असेल तर सिमेंटला हातही लावू नका. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे काही बांधता येत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. तिथे उपाय म्हणजे उचलून ठेवता येणारा लाकडी किंवा अॅल्युमिनियमचा उतार, तोही खात्याशी बोलूनच. आणि कमल बस्तीच्या कमळासारख्या गोष्टींसाठी मला मनापासून वाटतं ते हे : खानापूरला कुंभारकामाची मोठी परंपरा आहे, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. त्या कमळाच्या ७२ पाकळ्यांची हातभर मोठी मातीची प्रतिकृती करून दारात, खुर्चीच्या उंचीच्या टेबलावर ठेवली तर अंध माणूस बोटांनी कमळ बघेल, आणि पायऱ्या न चढता आलेला माणूस डोळ्यांनी.

खेड्यात काम काढायचं तर ग्रामपंचायतीत जा. कर्नाटकात पंचायत पातळीवर विकलचेतन व्यक्तींसाठी पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो, बहुधा स्वतः दिव्यांग. उतार बांधून झाला की उद्घाटनाआधी त्याला किंवा गावातल्या कुठल्याही खुर्चीवरच्या माणसाला त्यावरून जाऊन बघायला बोलवा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

कायदा कधी काढायचा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'सार्वजनिक इमारत' या शब्दात खासगी इमारतीही येतात, आणि धार्मिक, सांस्कृतिक, करमणुकीच्या जागाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे किमान निकष सल्ल्यापुरते ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे.

तरी मी आधी भांडत नाही. आधी व्यवस्थापनाला साधं पत्र देतो : तारीख, वेळ, कुठल्या दारात अडलो, पायरीची उंची किती, काय केलं तर सुटेल, सोबत फोटो. पत्राची पोच घेतो. महिन्यात काही झालं नाही तर बेंगळुरूच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तेच पत्र जातं. 'सुगम्य भारत' अॅपवर फोटो टाकूनही तक्रार करता येते. "गैरसोय झाली" एवढंच लिहिलेल्या पत्राचं काही होत नाही. "सात इंचाच्या दोन पायऱ्या, बाजूला पंधरा फूट जागा मोकळी आहे" असं लिहिलेल्या पत्राचं बऱ्याचदा होतं.

घरी आल्यावर

त्याच रात्री वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी इंच आठवत नाहीत. आमच्या वहीतली, जांबोटीच्या बाजूच्या एका घरगुती निवासाची नोंद अशी आहे :

"गाडी अंगणात. अंगण शेणानं सारवलेलं, कोरडं असताना चाक चालतं. पुढच्या दारात तीन पायऱ्या, सात-सात इंच, कठडा नाही. मागच्या दारात एकच, पाच इंच. फळी टाकून गेलो. खोली तळमजला, कॉट १८ इंच. संडासाचं दार २४ इंच, खुर्ची दारातच अडली, कमोड खुर्ची आत ठेवली, आत्या फळीवरून तिच्यावर सरकली. आत दांडा नाही. जेवण ओट्यावर होतं, मालकीणबाईंनी टेबल अंगणात आणलं. कोणी उचललं नाही. निघताना मालकांनी टेप मागून घेतला आणि संडासाची भिंत मोजायला गेले."

त्यांचा फोन चार महिन्यांनी आला. आता दार ३४ इंच आहे.